सब्जाचा मान

सुसंस्कृत समाजात सरबत तहान भागवण्यासाठी देत नाहीत. तहानेसाठी पाणी आहे. सरबत असतं ते कोण किती मोठा हे चारचौघांत ठरवण्यासाठी, आणि आमच्या नागपुरात हे काम सब्जा करतो. तुळशीच्या जातीचं हे काळं, बारीक बी पाण्यात टाकलं की अर्ध्या तासात फुगतं आणि बुळबुळीत होतं. त्याला स्वतःची अशी काही चव नाही. म्हणूनच ते मोठ्या लोकांना शोभतं.

गांधीबागेतले कापडाचे व्यापारी वामनराव यांनी चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात मुलीचं, कौशल्याचं, लग्न काढलं. मुलगा काटोलचा, बाप देवराव संत्र्यांचे दलाल. वामनरावांनी नवरदेवाची चौकशी एका दुपारी उरकली (मुलगा धडधाकट दिसतो, आणखी काय विचारायचं?), पण सब्जासाठी आठवडाभर इतवारीतली दुकानं पालथी घातली. जुना सब्जा फुगत नाही म्हणून प्रत्येक दुकानात चिमूटभर बी वाटीत भिजवून ते समोर बसून राहत. इतका काळजीवाहू बाप आता बघायला मिळत नाही.

वऱ्हाड बसने आलं तेव्हा पारा सेहेचाळीसवर होता. कौशल्या आतल्या खोलीत शालू नेसून बसली होती. लग्न लागेपर्यंत नवरीने पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, अशी त्या घरची रीत. बाहेर पाहुण्यांना गुलाबाचं सरबत सुरू झालं. वाढण्याचा क्रम शास्त्रशुद्ध होता: आधी व्याही, मग त्यांचे भाऊ, मग मामा, मग ज्यांचं नातं सांगायला वेळ लागतो ते, आणि बादली संपता संपता बँडवाले.

दुर्दैवाने सब्जा तळाशी बसतो. (निसर्गाला मानपान कळत नाही.) देवरावांच्या वाट्याला नुसतं गुलाबी पाणी आलं आणि झांजवाल्याच्या ग्लासात चमचा उभा राहील इतका सब्जा.

"काहून जी इवाई," देवराव भर मांडवात आपल्या व्याह्यांना, वामनरावांना, म्हणाले, "बँडवाल्याइले सब्जा अन् आमाले रंगाचं पानी? पोराले घेऊन वापस जातो मी."

वामनरावांनी हात जोडले. ताबडतोब दुसरी बादली आली. तेवढ्यात आतल्या दारातून कौशल्या म्हणाली, "बाबा, ढवळून वाढा नं."

ढवळलं तर सगळ्यांना सारखाच सब्जा जाणार, मग व्याही कोण आणि झांजवाला कोण, हे लोकांनी कशावरून ओळखायचं? शिकलेल्या मुलींच्या डोक्यात असलं काहीतरी येतं.

"तू चूप बस वं," वामनराव म्हणाले, आणि देवरावांची अट मान्य झाली: या खेपेला वरपक्ष सगळ्यांच्या शेवटी पिणार.

अट रास्त होती. अडचण एवढीच की पाहुण्यांच्या आधी यजमान कसे पिणार? बँडवाल्यांना सांगितलं, तर त्यांनी मघाचा प्रसंग आठवून कानाला हात लावले. भटजींना विचारलं, तर ते म्हणाले, आम्ही काय बँडवाल्यांच्या रांगेतले? बादली मांडवाच्या मधोमध राहिली. बर्फ विरघळला. मुहूर्त टळला. भटजींनी पंचांग उघडून संध्याकाळचा मुहूर्त काढला आणि सगळ्यांनी समाधानाने मान डोलावली, कारण विचार करायला आता भरपूर वेळ होता. आत कौशल्याला चक्कर आली, तेव्हा तिची आत्या जिजाबाई पंख्याने वारा घालत म्हणाली, "थोडा दम धर माय, इवाई पेले की झालंच."

कौशल्याने दम धरला नाही. ती उठून सरळ मांडवात आली, वाढायचा डाव घेतला, बादली तळापासून ढवळली आणि सगळ्यांसमोर एक ग्लास घटाघटा प्याली. मग दुसरा.

"मले तहान लागली होती," ती म्हणाली.

देवराव खुर्चीवरून उठले. वामनराव मटकन खाली बसले.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. लोक फार आस्थेने ऐकतात. एवढा ताजा सब्जा इतवारीत कोणाकडे मिळाला, असं विचारतात. तो पाण्यात भिजवायचा की दुधात, हेही विचारतात. एका बाईंनी फालुद्यासाठी प्रमाण लिहून घेतलं. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारणारच होता, हे मला ठाऊक आहे. आधी मात्र सांगा, दुधात की पाण्यात?