ढोलीतली शाळा

"प्रतिक्षाले मी घरीच शिकवतो. कॉन्व्हेंटच्या मॅडमपेक्षा बरं शिकवतो," असं कामिनीनं जाहीर केलं तेव्हा ती शेजारच्या बारशात घुगऱ्या खात बसली होती आणि आजूबाजूला अर्ध्या सिहोऱ्यातल्या बाया होत्या. असल्या गोष्टी माणसानं दार लावून नवऱ्याला सांगाव्या, म्हणजे फसल्या तरी गावात बोभाटा होत नाही. पण कामिनीचा स्वभावच असा, की पोटात आलेलं ओठांवर आलंच पाहिजे, आणि तेही खड्या आवाजात.

तसं तिचं चुकलं काहीच नव्हतं. तिची सात वर्षांची लेक प्रतिक्षा तुमसरच्या कॉन्व्हेंटला व्हॅननं जायची आणि रोज एकाच वळणावर ओकायची. व्हॅनवाल्यानं आधी पिशवी दिली, मग बादली दिली, आणि शेवटी कामिनीसमोर हात जोडले. बाकीच्या पोरांनी तर त्या वळणाला प्रतिक्षाचं नावच देऊन टाकलं होतं. आणि कामिनी काही अडाणी नव्हती. तिनं डी.एड. केलेलं. नोकरी तेवढी लागली नाही, कारण त्या साली जिल्ह्यात शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणारेच जास्त झाले होते. तेव्हापासून तिची सगळी विद्या आतल्या आत तुंबून बसली होती.

घरी शिकवण्यात अडचण एकच होती, पण ती दोन नगांत होती. भुपेंद्र आणि रक्षा. प्रतिक्षाच्या पाठची अडीच वर्षांची जुळी.

या दोघांचं वर्णन काय करावं? एकाला चुलीजवळून ओढून आणावं, तोवर दुसरी पाण्याच्या टाक्यात वाकलेली. शाळेच्या पहिल्याच दिवशी भुपेंद्रनं खडू खाल्ला. दुसऱ्या दिवशी रक्षानं अंकलिपी नेऊन बकरीला चारली, आणि बकरी इतकी खूश झाली की नंतर रोज शाळेच्या वेळेला दारात येऊन उभी राहू लागली. कामिनी फळ्यावर 'क' काढून वळायची, तर वर्गात विद्यार्थिनी एकटी आणि जुळी बेपत्ता. मग मास्तरीण आणि विद्यार्थिनी दोघी मिळून गल्लीत शोधायला. पहिला आठवडा असाच गेला. शिकणं झालं म्हणाल तर बकरीचंच थोडंफार.

आठव्या दिवशी कामिनीची नजर ढोलीवर गेली.

ओसरीच्या कोपऱ्यात सासऱ्यांची, धनीरामजींची, धान साठवायची ढोली होती. बांबूच्या कमच्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या छातीएवढी उंच आणि पोटात चांगली ऐसपैस. उन्हाळ्यात धान संपलं आणि ढोली रिकामी झाली. कामिनीनं ती आतून झाडली, खाली गोधडी टाकली आणि एक भुपेंद्र, एक रक्षा, असे दोन्ही नग आत सोडले. बाहेर यायला वाट नाही, पडायला जागा नाही, खायला खडू नाही. स्वतःच्या अकलेवर ती इतकी भाळली की तिनं दुपारी नवऱ्याला, प्रितमला, राइस मिलमध्ये फोन करून सांगितलं. प्रितम सगळ्याच गोष्टींना हो म्हणणारा माणूस. तो हो म्हणाला.

पण जुळी काही गप्प बसेनात. ढोलीतून असा आकांत सुरू झाला की सासूबाई, बेबीबाई, सांदवाडीतून, म्हणजे मागच्या परसातून, धावत आल्या आणि ढोलीत मांजर व्यालं का म्हणून विचारू लागल्या. शेवटी प्रतिक्षालाच आत उतरवलं. ताई आली तशी दोघं एकदम चूप. झालं, शाळेची घडी बसली. विद्यार्थिनी ढोलीत, मास्तरीण बाहेर पाटावर उभी, ढोलीच्या काठावर हनुवटी टेकवून आत पाढे सोडायची, आणि आतून पाढे घुमत वर यायचे. एका पोरीचा आवाज साऱ्या वर्गासारखा वाटायचा. कामिनीला ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं.

ढोलीला खाली धान काढायचं एक भोक असतं, ते पोत्याच्या चिंधीनं बुजवलेलं असतं. ती चिंधी ओढायची विद्या जुळ्यांनी आपली आपण शिकून घेतली. शाळा चालू असताना त्या भोकातून एकेक वस्तू बाहेर पडायची. आधी पेन्सिल, मग अर्धी पोळी, मग रक्षाची चड्डी. कामिनी सगळं गोळा करायची आणि पुढचा पाढा सोडायची. दिवाळी तोंडावर येईपर्यंत प्रतिक्षाचे दहापर्यंतचे पाढे, बाराखडी, महिने, ऋतू, सगळं तोंडपाठ झालं. ओकारी तर पोरगी विसरूनच गेली.

इथंच थांबली असती तर ही गोष्ट सुखाची झाली असती. पण नागपूरहून मोनाताईंचा फोन आला.

मोनाताई म्हणजे प्रितमची मोठी बहीण. नागपूरला त्यांचे शिकवणी वर्ग आहेत. आवाज मऊ, पण शब्द शेवटचा. पोरगा पुण्याला गेल्यापासून घरातली एक खोली रिकामी पडलेली आणि ती त्यांना बघवत नव्हती. त्या म्हणाल्या, भाऊबीजेला येते, पोरीची परीक्षा घेते. चांगलं येत असेल तर माझं काही म्हणणं नाही. नाही तर तिला नागपूरला घेऊन जाते, माझ्याजवळ राहील, चांगल्या शाळेत जाईल. प्रितमनं फोनवर हो म्हटलं. तो दुसरं काय म्हणणार!

प्रतिक्षा झोपेत आईच्या पोटावर पाय टाकायची. त्या पायाशिवाय आपल्याला झोप येईल का, या विचारानंच कामिनीचे डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर, प्रतिक्षा गेल्यावर जुळ्यांसोबत ढोलीत बसायचं कोणी, हाही विचार मनात आला. पण तो दुसरा आला. आधी पायाचाच आला, याला देव साक्षी आहे.

भाऊबीजेच्या सकाळी कामिनी जुळ्यांना घासत सांदवाडीत बसली होती. दोघांना पुसून, पावडर लावून ती ओसरीत आली आणि जागच्या जागी थिजली. शाळेत धान भरलं होतं. अगदी काठोकाठ.

हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची मळणी आदल्या दिवशीच झाली होती. आभाळ भरून आलेलं पाहून धनीरामजींनी भल्या पहाटे, दोन गडी लावून, सगळं धान ढोलीत ओतलं होतं. कामिनी कसनुशी म्हणाली, "मामाजी, आज परीक्षा आहे ना."

"मंग? धान कुठं ठेवू, फळ्यावर?" धनीरामजी म्हणाले आणि तंबाखू मळत बाहेर निघून गेले.

कामिनीनं मनाची समजूत घातली, की विद्या पोरीच्या डोक्यात आहे, ढोलीत थोडीच आहे.

मोनाताई आल्या. भावाला ओवाळलं, फराळ झाला, आणि ओसरीत खुर्ची टाकून त्यांनी प्रतिक्षाला समोर उभं केलं. सातचा पाढा विचारला. प्रतिक्षा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. पाचचा विचारला. अंगठा. महिने विचारले. अंगठा. शेवटी मोनाताईंनी तिचं नाव विचारलं, तर तेही तिला सांगता येईना.

कामिनीनं मागून ओठांनी 'सात एके सात' करून दाखवलं. बेबीबाई पदराआडून 'चैत्र, वैशाख' करू लागल्या. प्रितमनं दोघींकडे पाहून मान हलवली. पोरगी हूं की चूं करीना. मोनाताईंनी उसासा सोडला. कामिनीचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नको, घरच्या घरी हे जमतच नसतं, पोरीचे कपडे भर.

तेव्हा प्रतिक्षा पहिल्यांदा बोलली. "मी ढोलीत बसून सांगतो."

"कुठं बसून?" मोनाताईंनी विचारलं.

आता समजावून सांगत बसायला वेळ कुणाला होता! कामिनीनं पोरीला उचललं आणि धानाच्या ढिगावर नेऊन बसवलं. तिचं डोकं छपराच्या कवेलूंना लागलं, पण मांडी घातल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. तिनं डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सात एके सात! सात दुणे चौदा!"

मोनाताई खुर्चीतून उठल्या. कामिनीला वाटलं, जिंकलो. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळापासून जुळ्यांचा आवाज नाही. पोरांच्या आईला जेवढी भीती आरडाओरड्याची वाटत नाही, तेवढी शांततेची वाटते. तिनं खाली वाकून पाहिलं. भुपेंद्र आणि रक्षा ढोलीच्या बुडाशी बसून, शाळेतला रोजचा नेम म्हणून, चिंधी ओढत होते.

चिंधी निघाली आणि धानाची धार सुटली. सरळ मोनाताईंच्या पैठणीवर.

"सात त्रिक एकवीस," प्रतिक्षा म्हणाली आणि वीतभर खाली गेली.

धनीरामजी बाहेरून धावत आले आणि त्यांनी भोकावर हात दाबला. रक्षानं लगेच त्या हाताला कडकडून चावा घेतला. हात निघाला, धार पुन्हा सुटली. प्रितमनं पाय लावला तर धानावरून घसरून तो बहिणीच्या पायाशी पालथा पडला, आणि ओवाळलेला भाऊ दुसऱ्यांदा पाया पडतो आहे असं क्षणभर वाटलं. बेबीबाई सूप घेऊन आल्या. बकरीही आली. एवढ्या गोंधळात वरून पाढा संथपणे खाली येत होता. सात चोक अठ्ठावीसला प्रतिक्षाचे खांदे दिसेनासे झाले, सात पाचे पस्तीसला वेणी. सात सक बेचाळीस तर ढोलीच्या पार पोटातून, घुमत, तिच्या नेहमीच्या झोकात ऐकू आलं. कामिनीनं काठावरून डोकावून पाहिलं, तर पोरगी मांडी न मोडता, मजेत बसलेली.

शेवटी धनीरामजींनी डोक्याचा दुपट्टा भोकात कोंबला आणि सगळं शांत झालं. ओसरीत गुडघाभर धान. आत प्रतिक्षा सात सातेवर अडली होती. इतक्या माणसांची धावपळ ऐकून ती बावरली असावी. मोनाताई पैठणी झटकत म्हणाल्या, "हां, सात साते?"

उत्तर आलं, पण ढोलीतून नाही. धानाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतलेल्या भुपेंद्रनं वर पाहिलं आणि म्हटलं, "एकुनपन्नाच."

"छात आथे चप्पन," रक्षा म्हणाली. तिच्या तोंडात धान होतं.

मग दोघांनी मिळून, टाळ्या पिटत, पाढा सत्तरपर्यंत नेऊन टेकवला. पाठोपाठ, कोणी न विचारता, चैत्र वैशाख सुरू केलं ते फाल्गुनावर जाऊनच थांबले. दिवाळीपर्यंत त्याच ढोलीत तेही बसले होते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकीच्या शिकवणीत तिघांची शाळा फुकटात झाली होती.

मोनाताई खाली बसल्या, धानातच. रडायला लागल्या की हसायला, ते आधी कळेना. हसतच होत्या. डोळे पुसून त्या म्हणाल्या, प्रतिक्षा इथंच राहू दे. अशी शिकवणी माझ्याने होणार नाही. आणि कामिनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तुझ्यासारखी मास्तरीण मी नागपुरात पाहिली नाही.

कामिनीला हुंदका आला. तिनं ढोलीत हात घालून पोरीला वर ओढलं, छातीशी धरलं आणि धानासकट तिचे मुके घेतले. आईपासून लेकराला तोडायचं म्हणजे काय असतं ते कोणाला कळणार, असं ती रडत रडत म्हणाली. बेबीबाईंनीही डोळ्याला पदर लावला. प्रितम हो म्हणाला.

मग चहा झाला. मोनाताईंच्या मांडीवर दोन्ही बाजूंनी जुळी येऊन बसली. त्यांचे गाल ओढत मोनाताई म्हणाल्या, "बापरे, काय हुशार आहेत ही दोघं. यायलेच घेऊन जाते मी नागपूरला."

सगळे हसले. कामिनीही हसली आणि कप घेऊन आत गेली. बाहेर धनीरामजी चावलेल्या हाताला हळद लावत बसले, बेबीबाई धान सुपात भरू लागल्या. कप ठेवायला एवढा वेळ का लागतो, म्हणून प्रितम हाक मारणार, तोच कामिनी बाहेर आली. हातात लग्नात मिळालेली मोठी बॅग होती, चेन लावलेली, फुगलेली.

"ताई, स्वेटर खाली ठेवले आहेत. रक्षाले दुधात साखर लागते," ती म्हणाली. "चारची बस भेटंल तुमाले."

मोनाताईंचं हसू मावळलं. "अवं, मी मजाक करून राहिली होती."

"मीबी मजाकच करून राहिलो होतो," कामिनी म्हणाली आणि घाईघाईनं हसली.

पण मजाक करणारी बाई पोरांच्या लसीकरणाची कार्डं बॅगेच्या वरच्या कप्प्यात, लगेच सापडतील अशी, ठेवत नाही. मोनाताईंनी ती कार्डं पाहिली, आणि चारच्या बसची वाट न पाहता तीनचीच बस पकडली.