लक्ष्मीचा आवाज न पकडणारं यंत्र

गोव्यातल्या पाळी गावच्या खाणीवर अठ्ठावीस वर्षं डंपर चालवून गोकुळदास निवृत्त झाला तेव्हा कान कामातून गेले होते. मुलाने म्हापशाला नेऊन कानाचं यंत्र घेऊन दिलं. ते सहा महिने डबीतच पडून होतं. एका सोमवारी त्याने ठरवलं, आज लावायचंच.

लावलं मात्र, घर अंगावर धावून आलं. कावळे, मिक्सर, स्वतःच्या चपला. (आपण इतके पाय फरफटत चालतो हे त्याला तेव्हा कळलं.) सगळं ऐकू येई, फक्त बायकोचा, लक्ष्मीचा आवाज येईना.

‘यंत्रात खोट!’ त्याने ब्रशने मळ काढला, बॅटरी बदलली, रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या गोळ्यांसोबत डबीत निजवलं. (लक्ष्मीच्या सर्दीला त्याने कधी एवढं जपलं नव्हतं.) तीन दिवसांनी तो तणतणत बसने म्हापशाला गेला.

तिथल्या कानाच्या दवाखान्यातल्या मनीषाबाईंनी यंत्र तपासलं. “माझं बोलणं येतं ऐकू?”

“स्पष्ट! पण घरवालीचं येत नाही.”

“काका, काकी शेवटचं कधी बोलल्या?”

गोकुळदास आठवू लागला. बाईंनी पुढच्या पेशंटला बोलावलं, तरी तो आठवतच होता.

घरी लक्ष्मीने पाच बोटं तोंडाकडे नेऊन ‘जेवता?’ विचारलं.

“तोंडान सांग गो!”

ती दचकली. मग हळूच म्हणाली, “सवय गेली. तुमका ऐकाक येय नाय, मी बोलूचा सोडलंय.”

“कधीपासून?”

“माजो भाव गेलो तेवापासून. दारात येवन तुमका सांगलंय, ‘भाव गेलो.’ तुमका वाटला पाववालो गेलो. म्हणालात, ‘असांदे, उद्या येतलो.’”

मेहुणा वारल्याला नऊ वर्षं झाली होती. गोकुळदास बाकावर बसला. माफी कशी मागतात ते त्याला माहीत नव्हतं; डंपरवर कधी गरज पडली नव्हती.

“आता बोल,” तो म्हणाला. “काय पण बोल. मी ऐकतंय.”

यंत्राचा आवाज त्याने पुरा वाढवला. लक्ष्मी बराच वेळ विचार करत उभी राहिली. ओठ हलले, थांबले. तो श्वास रोखून पुढे वाकला. आणि शब्द आले, एकेक अक्षर खणखणीत:

“पाय वर घेवा. केर काढूचो आसा.”