कलम सहा आणि न्हाणीघराची कडी

"खिळा ठोकू नका रे, भिंत आपली नाही." नव्या घरात पाऊल टाकलं की स्वल्पविरामाची आई पहिलं वाक्य हेच म्हणायची. सात घरं झाली, सातही भिंती परक्या. तो आवाज कानात घेऊनच पोरगा मोठा झाला आणि त्याने ठरवलं, आपण भाड्याच्या घरात मान खाली घालून राहायचं नाही. करार पाठ करून राहायचं.

छापखान्यात तो मुद्रितं तपासायचा, म्हणून सगळे त्याला स्वल्पविराम म्हणत. घराचा करारही त्याने तीनदा तपासला होता. कलम सहा: मालकाने घरात येण्याआधी लेखी सूचना द्यावी. कलम नऊ: किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, झिजेमुळे आलेली मालकाची.

राहायला येऊन पंधरवडा झाला असेल-नसेल, वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू साखरेची वाटी परत द्यायला आल्या. त्याने दारातच त्यांना कलम सहा वाचून दाखवलं. काकूंनी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि त्या दिवसापासून जिन्यात भेटायचं असलं तरी आधी चिठ्ठी पाठवू लागल्या.

भांडण होतं न्हाणीघराच्या कडीचं. ती आतून लागायची गुणी मुलीसारखी आणि उघडताना रुसायची नव्या सुनेसारखी. "झीज आहे, दुरुस्ती तुमची," असं तो लिही. "किरकोळ आहे, दुरुस्ती तुमची," असं काकू लिहीत. अकरा पत्रं झाली. कडी तशीच.

वैतागली ती बायको. ती घरी शिवणकाम करायची, आणि पूर्वेची खिडकी तिच्या मशीनवर सकाळभर ऊन सांडायची. "अहो, शनिवारी मुदत संपतेय," ती म्हणाली. "काकूंनी करार वाढवून दिला नाही, तर ही खिडकी मला कुठून आणून देणार आहात?"

शनिवारी पाच वाजता काकू कडी बघायला येणार होत्या, अर्थात लेखी सूचना देऊन. बायको अस्तराचं कापड आणायला गेली होती. त्याने गॅसवर चहाचं आधण ठेवलं, करार हातात घेतला आणि काकू यायच्या आत आपणच एकदा कडी पाहून घ्यावी म्हणून न्हाणीघरात शिरला. दार लावलं. कडी बसली ती बसलीच.

करपल्याचा वास आला तेव्हा त्याने जिन्याकडच्या झरोक्याला तोंड लावलं. "काकू, मी आत अडकलोय. गॅस चालू आहे. तुमच्याकडची किल्ली घेऊन या."

काकू झरोक्याखाली आल्या. किल्ली हातातच होती. "माझी सूचना पाचची आहे. आत्ता सव्वाचार झालेत."

"अहो काकू, घर जळेल."

"जळलं तर माझं जळेल. कलम तुमचं आहे."

"मी परवानगी देतो ना."

"लेखी?"

आरशामागे बायकोची काजळाची पेन्सिल सापडली. कराराच्या पाठीवर त्याने परवानगी खरडली आणि कागद झरोक्यातून सोडला. काकूंनी चष्मा लावून वाचला. "तारीख राहिली," म्हणत त्यांनी कागद परत वर सारला. उभ्या आयुष्यात त्याच्या कागदात कुणी पहिल्यांदाच चूक काढली होती.

त्याने तारीख घातली. मग काकूंनी बाहेरच्या दाराचं कुलूप उघडलं, गॅस बंद केला, काळंठिक्कर पातेलं खिडकीत ठेवलं आणि सुताराला बोलावलं. सुताराने बिजागऱ्या काढून दार उतरवलं. आतून स्वल्पविराम बाहेर आला, घामाघूम. तेवढ्यात बायकोही कापड घेऊन पोचली.

"दोन स्क्रूच नाहीत हिला," सुतार कडी हलवत म्हणाला. "मग वाकडी होऊन अडकणारच."

काकू मशीनजवळच्या स्टुलावर टेकल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "आमच्या ह्यांनी बसवली होती. तीस वर्षं झाली. पडले असतील झिजून. तुमचंच खरं हो. माणूस आत अडकला आणि मी तारीख मागत बसले." त्यांनी पर्समधून पेन काढलं. "आणा तो करार. वर्षभर वाढवून देते. कडीही मीच बसवून देईन."

बायकोने खिडकीकडे पाहिलं आणि हळूच कापड खाली ठेवलं. काकूंचं पेन कागदाला टेकलं. आणखी एक श्वास तो गप्प राहिला असता, तर सगळं पार पडलं असतं.

"काकू, थांबा," स्वल्पविराम म्हणाला. "ती झीज नाही. पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या दारावर नावाची पाटी लावायची होती. ते दोन स्क्रू मीच काढले. तुम्हाला ते दिसू नये, म्हणून तर कलम सहा."