माळटोला परदेशात असल्याचा दाखला

प्रा. खुशाल कापगते यांची पदोन्नती एका निबंधावाचून अडली होती. गोंदिया जिल्ह्यातल्या त्यांच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञानाला विद्यार्थी तीन, पण निबंध मात्र आंतरराष्ट्रीय हवा. सरांनी आपल्या माळटोल्यावर लिहिला. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि तिथं सगळ्यात शेवटच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पहिलं पाणी देण्याची रीत. मराठीत छापला तर गुण शून्य, म्हणून इंग्रजीत करून पाठवला. परदेशी तत्त्वज्ञानाला वाहिलेल्या एका चिनी नियतकालिकानं तो चिनीत करून छापलासुद्धा.

छाननी समितीनं अंक उलटा-सुलटा करून पाहिला. भाषेला कुणाची हरकत नव्हती. समितीनं मराठी निबंध तरी कधी वाचले होते? हरकत निघाली ती वेगळीच.

"नियतकालिक परदेशी तत्त्वज्ञानाचं," प्राचार्य म्हणाले, "आणि माळटोला आपल्याच जिल्ह्यात. म्हणजे एक तर अंक बनावट, नाहीतर गाव."

"सर, चीनहून पाहिलं तर आपण परदेशीच की!"

"पाहिलं कुणी? लेखी आणा. गाव परदेशात असल्याचा दाखला. मुदत शुक्रवारपर्यंत."

सर रडकुंडीला येऊन माळटोल्याच्या सरपंचांकडे गेले. सरपंच शकुंतलाबाई म्हणजे त्यांची सख्खी काकू. तलावाची रीत त्यांना तिनंच सांगितलेली.

"असा तोंड पाडून काऊन आलास रे?" तिनं विचारलं, आणि ऐकून हसतच सुटली. "आपला तलाव चीनमंधी वाचून राहिले, अना हे इथं अडवून राहिले! बिसराम, लिव ठराव. आपल्या पोराचं भलं होऊन राहिलं तं आपलं काय जाते?"

शिपाई बिसरामनं लिहिलं, ग्रामसभेनं हात वर केले. माळटोला परदेशात असल्याचं एकमतानं ठरलं. समितीनं दाखला वाचला नाही, शिक्का तेवढा पाहिला. सर सहयोगी प्राध्यापक झाले, शाल-श्रीफळ मिळालं. आठ दिवस सर अगदी हवेत होते.

ठरावाची प्रत नियमाप्रमाणे वरच्या कार्यालयात गेली होती. तिथून उत्तर आलं: 'सदर गाव देशाबाहेर असल्याने तेथील तलावाच्या पाळीचे मंजूर दुरुस्तीकाम थांबविण्यात येत आहे. संबंधित देशाकडे अर्ज करावा.'

तलावाचं पाणी अडवणाऱ्या त्या मातीच्या पाळीला तर हात जाईल एवढी भेग होती. सर धावत त्या कार्यालयातल्या साहेबांकडे गेले.

"साहेब, चूक माझी आहे. गाव ठराव रद्द करायला तयार आहे."

"ठराव कोण करणार? माळटोल्याची ग्रामसभा?" साहेबांनी शांतपणे फाईल मिटली. "परदेशी ग्रामसभेचा ठराव आम्हाला कसा चालेल?"

श्रावणात पाळ फुटली. काकूची रोवलेली बांधी रेतीखाली गेली. सरांना नवा हुद्दा खायला उठला.

त्याच आठवड्यात चीनहून संपादकांचं पत्र आलं. निबंध वाचून लोक विचारतात, असं लिहिलं होतं. तलाव बरा आहे ना? यंदा शेवटच्या बांधीला पाणी मिळालं का?

सरांनी ते काकूला वाचून दाखवलं. ती रेतीकडे पाहत होती.

"ते येवढ्या दुरून इचारून राहिले," ती म्हणाली. "अना इथले?"

सरांनी पत्राची घडी घातली. इथले म्हणजे तुम्ही-आम्हीच. पण आपण कायले जिवाला लावून घ्यायचं? माळटोला परदेशात आहे, आणि तसा शिक्क्याचा दाखला आहे.