डिमेट्रोडॉनचे भाऊबंद

नवा माणूस भेटला की बापूराव मास्तर आधी त्याच्या कानशिलावर बोट ठेवत आणि म्हणत, "दात चाव." आत स्नायू हलला की त्यांचा चेहरा खुले. "पाह्यलं? डिमेट्रोडॉनच्या भाऊबंदातला हायस तू!"

आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत ते शास्त्र शिकवत, मी मराठी. त्यांचं शास्त्र म्हणजे हा एकच प्राणी. पाठीवर शिडासारखा उंच पडदा, तोंडात सुऱ्यांसारखे दात, पक्का शिकारी. पुस्तकवाल्याने त्याचं चित्र डायनासोरांच्या पानावर छापलं होतं, त्यावरून मास्तरांचा जीव वरखाली होई. "तो त्यायच्या लय आधीचा, गा! सरड्याच्या कवटीले डोळ्यामागं दोन भोकं, याले एकच, अन् आपल्या वंशालेही एकच. दात चावताना हालते तो स्नायू त्याच भोकातला. दिसते सरडा, पन नातं आपल्याशी. कातडं पाहून सोयरीक ठरवून राहिले लेकाचे!"

एकदा सौंसरच्या बसमध्ये ते हेच तावातावाने सांगत होते. शेजारच्या शेतकऱ्याने अर्धवट ऐकून विचारलं, "हे डिमे कुठले जी? पोरगी हाय का त्यायची लग्नाची?" मास्तरांनी त्यालाही दात चावायला लावले.

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. ज्याला पलीकडे जायचं असेल त्याने शनिवारपर्यंत लिहून द्यावं, असा कागद शाळेत आला आणि मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. बायको केव्हाच गेलेली, एकुलती लेक कमळ पलीकडे, नागपूरकडच्या काटोलला दिलेली. ते जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. मला फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मास्तर कागदावर 'होय' लिहीत, खोडत, वर्ग सोडून पोस्टमनला रस्त्यात गाठत. शुक्रवारी कमळचं पत्र आलं. शनिवारी त्यांनी 'नाही' लिहून दिलं.

"अहो, लेक बोलावत नाही का?" मी विचारलं.

"लेक बोलावते. पन लेकीच्या घरी राहाचं तं जावयानं म्हनलं पाहिजे, गा."

त्यांनी पत्र पुढे केलं. खाली जावयाच्या नावाने ओळ होती, 'आपण अवश्य यावे, ही विनंती.'

"मग म्हटलंय की त्यांनी!"

"अक्षर पाह्य."

अक्षर कमळचं होतं.

"ह्या वेलांट्या मीच गिरवून घेतल्या तिच्याकडून," मास्तर म्हणाले. "खोटं लिहाले नव्हतं शिकवलं. ते माह्यासाठी शिकली, गा, पोरगी."