पुलगावचा ऑर्फियस मागे पाहीना

"मान तर वळवाची हाय! त्याले काय तालीम लागते?" वासुदेवराव छाती पुढे काढून म्हणाले.

त्यांचं तरी काय चुकलं! पुलगावच्या भजनी मंडळात एकोणतीस वर्षं पेटी आणि गळा दोन्ही तेच सांभाळत होते. भाची मयुरी पुण्याहून नाटक शिकून आली आणि तिने एक जुना युरोपी ऑपेरा मराठीत बसवायला घेतला. ऑपेरा म्हणजे अख्खं नाटक गाऊनच करायचं. गोष्ट ग्रीकांची. ऑर्फियस नावाच्या गायकाची बायको मरते. त्याच्या गाण्याने यमालाही पाझर फुटतो आणि बायको परत मिळते. अट एकच: वर पोचेपर्यंत वळून तिच्याकडे पाहायचं नाही, आणि का पाहत नाही तेही सांगायचं नाही. त्याला राहवत नाही, तो पाहतो, ती पुन्हा मरते. मग वरून प्रेमदेव उतरतो आणि तिला उठवतो. मयुरीने यमलोकाचा चक्क आयसीयू केला होता! ऑर्फियस अर्थातच वासुदेवराव. बायको झाल्या होत्या आनंदाबाई, खऱ्याच नर्स. प्रेमदेव म्हणजे गोपाल इलेक्ट्रिशियन, दोरीला बांधून छताजवळ बसवलेला.

तालमीत वासुदेवरावांनी झकास मान वळवली. प्रयोगाच्या दुपारी मात्र आयसीयूचा पडदा सारून ते निघाले आणि पहिल्या रांगेतून तानाबाई ओरडल्या, "मांगं पाहू नका हो!" झालं! मसणातून परतताना मागे पाहायचं नसतं, हे पुलगावकरांना कोण शिकवणार? सगळं सभागृह ओरडू लागलं.

वासुदेवरावांची मान आखडली. तीन वर्षांपूर्वी मोक्षधामातून निघताना याच माणसांनी दंड धरून त्यांना हेच बजावलं होतं. बायकोला, विमलाबाईंना, तिथे सोडून ते सरळ घरी आले होते. आता मागे बांगड्या वाजत होत्या. पाहिलं की ती जाणार. मग पाहायचं कशाला?

पेटीवाल्याने वळायची ओळ तीनदा वाजवली.

"मामा, वळा ना!" मयुरी विंगेतून.

"अन् मी कवा उतरू?" गोपाल वरून.

वासुदेवराव उतरले! रंगमंचावरून, प्रेक्षकांमधून, दारातून थेट स्टेशन रोडवर! मागे आनंदाबाई, अनवाणी, पेशंटच्या हिरव्या झग्यात. त्यांच्यामागे सगळे प्रेक्षक.

आनंदाबाईंनी आधी सुरात विनवलं. मग गाणं संपलं. "अवो, काऊन पाहून नाई राह्यले? पायात गोटा रुतला माह्या! एकडाव पाहा तरी इकडं!"

वासुदेवराव थबकले. विमलाबाईही हेच म्हणायच्या. नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहायच्या, "पाहा तरी इकडं." आणि हे पेटीवरून नजर न उचलता म्हणायचे, "छान हाय." चौतीस वर्षं! मोक्षधामातल्या त्या एका दिवसाचा काय दोष? त्यांना भर रस्त्यात भडभडून आलं.

ते वळले आणि त्यांनी डोळे भरून पाहिलं. समोर आनंदाबाई घामाघूम, एका पायावर उभ्या.

आता पडून मरायची पाळी आनंदाबाईंची. त्यांनी खाली पाहिलं. खडी, शेण, वर सायकलींची ये-जा.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "अथीसा, रस्त्यावरच मरू, का राहू देऊ?"

"राहू द्या," वासुदेवराव डोळे पुसत म्हणाले. "राहू द्या बाई."