रामटेकेभाऊंची साम्राज्यं

केशोरीच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो, त्या सकाळी मला नाव, गाव, लग्न यांतलं काहीच कुणी विचारलं नाही. प्रयोगशाळेच्या दारात एक उंच, वाळका माणूस परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन उभा होता. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"गुरुजी, रोमन का मंगोल?"

मी सांगलीकडचा. इकडच्या जेवणखाणाची काही कल्पना नव्हती. वाटलं, खानावळीतलं काहीतरी असावं.

"जे असेल ते चालेल," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. "साम्राज्याबद्दल असं म्हनाचं नसते, गुरुजी. नीट विचार करा, मंग सांगा."

हे सुखदेव रामटेके, आमच्या शाळेचे प्रयोगशाळा परिचर. वय पन्नाशीच्या पुढं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती, गावात एक-दोघांकडे मोबाइल आले होते, आणि रामटेकेभाऊ जगातलं सगळ्यात बलाढ्य साम्राज्य कोणतं ते ठरवत होते.

त्यांच्याकडे जगाच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ होता. शाळेच्या कपाटातून रद्दीत निघालेला. त्याची मधली पानं वाळवीनं खाल्लेली. त्यामुळे तुर्कांचं साम्राज्य एका रविवारी अचानक संपायचं आणि पुढच्या पानावर थेट वाफेचं इंजिन सुरू व्हायचं. "तुर्क मोठे होते," भाऊ म्हणायचे, "पन उधईनं खाल्ले."

त्यांनी साम्राज्यांचे सामने लावले होते. आपल्याकडे कबड्डीचे लावतात तसे, जोड्या पाडून. हरला तो बाद. ठिकाण शाळेसमोरची बिसेनची चहाटपरी. तिथल्या फळ्यावर एका बाजूला 'चहा, भजी, आलूबोंडा' आणि दुसऱ्या बाजूला 'आजचा सामना : इंग्रज वि. पोर्तुगीज'. संध्याकाळी शाळा सुटली की चर्चा. निकाल मात्र कधीच त्या दिवशी लागायचा नाही. भाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, सायकलला पायडल मारायचे आणि म्हणायचे, "उद्या सांगतो."

इंग्रजांच्या सामन्याला मी हजर होतो. टपरीवाला बिसेन कट्टर इंग्रजांच्या बाजूचा. रेल्वे, टपाल, तारखात्याचे खांब, चहा, सगळं त्यानं मोजून दाखवलं. पोर्तुगीजांच्या बाजूनं बोलायला कुणीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलेलं होतं : 'विजयी : पोर्तुगीज.'

"काऊन?" बिसेन दुधाचं पातेलं खाली ठेवत म्हणाला. "एवढासा देश तो. मले निसतं कारन सांगा."

"मिरची," भाऊ म्हणाले.

"काय मिरची?"

"मिरची या देशात त्याहिनं आनली. केशोरीत काय पिकते? मिरची. तुह्या भज्यात काय हाये? मिरची. भज्यात इंग्रज हाये का? दाखव मले."

बिसेननं भज्याकडे पाहिलं. त्यात इंग्रज नव्हता.

मला या प्रकाराचा हळूहळू राग यायला लागला. हिशोब कशाचाच लागत नव्हता. ताकदीला पन्नास गुण आणि 'मागं काय उरला' याला पन्नास, अशी पद्धत भाऊंनी स्वतःच सांगितली होती. ती धरून मी वहीत बेरजा केल्या. माझ्या बेरजेनं रोमन सहज जिंकत होते. फळ्यावर इराणी जिंकले. विचारलं, तर म्हणाले, "तहसील, अर्ज, दप्तर, जमीन. सारे त्याहिचेच शब्द. पटवाऱ्याकडं जाऊन पाहा, अजून इराणच राज्य करून राहिला." बिनतोड उत्तर होतं, फक्त ते निकालानंतर सुचलेलं होतं. आधी निकाल, मग कारण. गणितात याला आम्ही काय म्हणतो ते इथं लिहीत नाही.

मराठ्यांना का घेतलं नाही, असं मी एकदा दुखावल्या मनानं विचारलं. "घरच्या मानसाले आपन मार्क द्याचे नसते," ते म्हणाले. "पक्षपात होते." घरचे म्हणाल तर मौर्य त्यांच्या जास्त जवळचे. घरातल्या पंचशील ध्वजाशेजारी त्यांनी अशोकचक्राचं चित्र लावलं होतं. मौर्य लोकाग्रहास्तव खेळले आणि पहिल्याच फेरीत हरले. निकाल भाऊंनीच लिहिला आणि त्यानंतर दोन दिवस प्रयोगशाळेत कुणाशी बोलले नाहीत.

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. प्रयोगशाळा पाहताना भाऊंनी त्यांनाही अदबीनं विचारलं, "साहेब, रोमन का मंगोल?" साहेबांना वाटलं, नवं परिपत्रक आलेलं दिसतंय आणि आपण वाचलेलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "दोन्ही राबवा." मुख्याध्यापकांनी ते शेरेपुस्तकात उतरवून घेतलं.

मग एक दिवस मडावीबाबा टपरीवर आले. रानाकडच्या टोल्यावरचे, म्हणजे छोट्या वस्तीवरचे म्हातारे शेतकरी, बोलणं कमी. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "याच्यात आमचे गोंडराजे कोठी हायेत?"

ग्रंथात गोंडराजे नव्हते. वाळवीनं खाल्लेही नव्हते, मुळातच नव्हते.

"काय उरला त्याहिचा?" बिसेननं विचारलं.

"तलाव," मडावीबाबा म्हणाले. "त्याहिच्या राज्यात बांधला. तुह्या धानाले पानी त्याचाच हाये."

पुढच्या रविवारी भाऊ त्यांच्याबरोबर तलावावर गेले आणि बांधाची अख्खी पाळ पावलांनी मोजून आले. मीही गेलो होतो. परतताना ते सायकल हातात धरून चालत होते. "गुरुजी, रोमचा रस्ता मी काही पाह्यला नाही," ते म्हणाले. "पन या तलावात पोहलो हावो."

गोंडराजे सामन्यात उतरले. पोर्तुगीजांना हरवलं, इराण्यांना हरवलं. दुसऱ्या बाजूनं मंगोल आले. फळ्यावर अंतिम सामना लागला : 'मंगोल वि. गोंडराजे.' आख्ख्या जगात हा सामना फक्त केशोरीत झाला असेल. चर्चेला इतकी गर्दी झाली, की बिसेनला भजी दोनदा तळावी लागली.

"उद्या सांगतो," भाऊ म्हणाले.

निकाल उद्या काही लागला नाही. परवाही नाही. तीन आठवडे झाले. भाऊ शाळा सुटली की मागच्या फाटकातून घरी जायला लागले. बिसेन चिडला, गर्दी कंटाळली, आणि शेवटी मला पाठवलं. गणिताचा शिक्षक आहे, सोक्षमोक्ष लावेल म्हणून.

मी रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको तीन वर्षं अंथरुणावर आहे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. पण आत कधी गेलो नव्हतो. भाऊ बाजेशेजारी बसून तिला चमच्यानं पेज भरवत होते. मी दिसताच उठायला लागले. मी म्हटलं, बसा. कौसल्यावहिनींनी नजर माझ्याकडे वळवली. लकव्यानं उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. डावा हात गोधडीवर होता.

भाऊंनी तिचं तोंड पुसलं, वाटी बाजूला ठेवली आणि तो ग्रंथ उघडला. मग माझ्या देखत, वर्गात विचारतात तशा स्पष्ट आवाजात विचारलं, "कौसल्या, चिनी का मिसरी?"

मग एकेक नाव पुन्हा घेतलं. 'चिनी'ला काही झालं नाही. 'मिसरी' म्हटल्यावर बऱ्याच वेळानं डाव्या हाताची तर्जनी गोधडीवरून दोन बोटांएवढी वर आली.

"मिसरी," भाऊ म्हणाले आणि वहीत इजिप्तच्या नावाखाली रेघ ओढली.

आम्ही अंगणात येऊन बसलो. ते आपणहून सांगायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलत राहा, दोन गोष्टींतली एक निवडायला लावा. त्यांनी चहा का दूध विचारलं, वांगं का भेदरं, म्हणजे टोमॅटो, विचारलं, निळं लुगडं का हिरवं विचारलं. बोट हललं नाही. वर्ष गेलं. एका दुपारी वेळ जाईना म्हणून हे पुस्तक मोठ्यानं वाचत बसले होते, आणि सहज विचारलं, रोमन का मंगोल. बोट वर आलं.

"तेवापासून रोज इचारतो. दुसरा काही इचारला तं नाही उचलत. आता रोज नवीन कोठून आनू? म्हनून साऱ्यायले इचारून राहिलो."

"आणि अंतिम सामना?"

ते अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत राहिले. "फायनल झाली का संपला ना सारा. मंग तिले काय इचारू?"

मी त्यांची वही चाळत होतो. दोन वर्षांचे सामने. प्रत्येक ओळीत दोन नावं, जिंकलेल्या नावाखाली रेघ. दुसऱ्या पानावरच माझ्या लक्षात आलं. तरी खात्री म्हणून शेवटपर्यंत पाहिलं. रेघ प्रत्येक वेळी दुसऱ्या नावाखाली होती. जे नाव शेवटी घेतलं, त्यालाच बोट वर आलं होतं. एकही अपवाद नाही.

गणिताच्या माणसाला असं दिसलं की गप्प बसवत नाही. मी त्यांना वही दाखवली, रेघा दाखवल्या, समजावून सांगितलं.

"मालूम हाये, गुरुजी," ते म्हणाले. "पन बोट तं उचलते."

मी वही त्यांच्या हातात दिली. टपरीवर सगळे माझी वाट पाहत होते. मी खडू घेतला, फळ्यावरचा अंतिम सामना पुसला आणि म्हणालो, "पहिल्या फेरीपासून गुणांच्या बेरजेत चूक निघाली आहे. मी स्वतः तपासली. सगळे सामने पुन्हा होतील. राहिलेली साम्राज्यंही घेऊ. ज्याला जे माहीत असेल, त्यानं भाऊंना सांगावं."

बिसेन माझ्याकडे संशयानं पाहत राहिला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. "म्हनजे इंग्रज परत खेलतीन?"

"खेळतील."

"मंग ठीक हाये."

मला काळजी मडावीबाबांची होती. जिंकत आलेला राजा मी एका फडक्यात पुसला होता. ते कोपऱ्यात बसून होते. त्यांनी बशीतला चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि काठी घेऊन उठले.

"खेलू द्या आरामानं," ते म्हणाले. "आमाले कायची घाई हाये?"